स्टीमवरील सिम्युलेशन गेमच्या मुखचित्राविषयी

स्टीम या संगणकावरील गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात पहिलाच सिम्युलेशन गेम (खऱ्या कामाची नक्कल करणारा खेळ) आणत असाल, तर मुखचित्राचा, म्हणजे दुकानात गेमची ओळख करून देणाऱ्या चित्राचा विचार सर्वांत लहान आकारापासून सुरू करावा, कारण शोधयादीत ग्राहकाची नजर पडते ती त्यावरच. हे चित्र ४६२ बाय १७४ पिक्सेल मापात द्यावे लागते, पण यादीत ते त्याहून बरेच लहान दिसते, आणि तेवढ्या जागेत गेमचे नाव वाचता आले नाही तर बाकीची कारागिरी वाया गेली असे समजा. म्हणून मोठे चित्र नुसते आकसून चालत नाही. नावाने जवळजवळ सगळी चौकट व्यापेल अशी स्वतंत्र मांडणी करा.

खेळाडू नेमके काय करणार, हे चित्राने सांगायला हवे. गेम बेकरीचा असेल, तर दुकानाची पाटी, गिऱ्हाइकांची रांग आणि दहा ट्रे एकत्र कोंबण्यापेक्षा पीठ लागलेले हात आणि भट्टीतून निघणारा एकच पाव पुरेसा आहे. हिशेबाचा किचकट गेम गोंडस रूपात विकू नये. चुकीचा ग्राहक दोन तासांच्या आत खेळ थांबवून पैसे परत मागतो.

पुरस्कार, परीक्षणांतील गुण किंवा सवलतीचा मजकूर चित्रावर घालण्यास स्टीमने १ सप्टेंबर २०२२ पासून मनाई केली आहे (माझ्या मते योग्यच केले). चित्रकाराकडून नाव, पात्र आणि पार्श्वभूमी वेगवेगळ्या लेअरमध्येच (एकमेकांवर ठेवलेल्या सुट्या थरांत) घ्या, म्हणजे लायब्ररीचे (ग्राहकाने घेतलेल्या गेमच्या संग्रहाचे) ६०० बाय ९०० मापाचे उभे चित्र करताना पुन्हा पैसे मोजावे लागणार नाहीत.