शिंजुकू ग्योएनला पहिल्यांदा जाताय?

टोकियोतल्या चार बागा एका दिवसात उरकायचा बेत आधी रद्द करा. ही एकटीच ५८ हेक्टरची आहे, निदान अर्धा दिवस द्या.

नवखे हमखास चुकतात ते असं:

– सोमवारी जातात. एरवी त्या दिवशी बाग बंद असते, साकुरा (चेरीचा बहर) आणि शेवंतीच्या मोसमात मात्र उघडी.
– हानामी (बहर बघत झाडाखाली बसून खाणंपिणं) म्हणून बिअर नेतात. इथे दारू चालत नाही. डबा आणि चटई खुशाल न्या.
– एप्रिलचा पहिला आठवडा गेला की साकुरा संपला समजतात. अहो, दुहेरी पाकळ्यांचा 'इचियो' जातीचा साकुरा तेव्हा कुठे फुलायला लागतो! फूल जवळून बघा, मधोमध पानासारखा हिरवा स्त्रीकेसर दिसेल. इचियो म्हणजे 'एक पान', नाव त्यावरूनच पडलंय.

आणि माझं ऐकाल तर नोव्हेंबरमध्येही एकदा जाच. १ ते १५ तारखेला शेवंतीचं प्रदर्शन असतं. त्यातलं 'ओझुकुरी' चुकवू नका: एकाच रोपाला शेकडो फुलं, घुमटाच्या आकारात ओळीने बसवलेली. खाली वाकून बुंधा शोधा, खरंच एकच असतो. मी दरवर्षी वाकून बघते.

जातींची नावं, फोटोची भिंगं वगैरे पुढच्या खेपेला.