सापाच्या मागं जायचं नाही

पोरा,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोललो नाही. "काका, साप पकडायची स्टिक ऑनलाइन मागवलीय, व्हिडिओ बघून पकडायला शिकतो" असं तू म्हणालास आणि तिथंच माझं डोकं फिरलं, फोन ठेवला. नंतर झोप लागली नाही म्हणून लिहायला बसलोय.

आठ दिवसात दोनदा लाकडाच्या ढिगाजवळ घोणस दिसली. शेजारचा म्हणतो मारून टाक, सूनबाई म्हणते पुण्याला परत जाऊया, आणि तू मधल्यामधे. साप मारावा असं तुला वाटत नाही हे मला माहीत आहे, नाहीतर आजोबांची काजूची बाग आणि तिला लागून असलेली झाडी तोडायची नाही म्हणून नोकरी सोडून आजऱ्याला आला नसतास. पण मारायचं नाही म्हणून पकडायचं, हे कुठून आलं तुझ्या डोक्यात? मारायला गेलं काय आणि पकडायला गेलं काय, दोन्हीत माणूस सापाच्या मागं जातो. आणि सापाच्या मागं जायचं नाही.

हे मी कुठून शिकलो ते तुला कधी सांगितलेलं नाही. 1987 चा श्रावण. माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी बारका, सोप्यात जमिनीवर झोपलेला. रात्री दीड-दोनला उठला, म्हणाला बोटाला कायतरी चावलं, मुंगळा असेल. कंदील मोठा केला तर काळी, पांढऱ्या पट्ट्यांची मण्यार कणगीखाली जाताना दिसली. मण्यारीचा दंश दुखत नाही, सूज नाही, रक्त नाही, त्यामुळं आम्हाला भाऊ ठीकच वाटला. आणि आम्ही काय केलं? सात बापे माणसं काठ्या घेऊन सापाच्या मागं लागलो. पोती हलवली, कणगी सरकवली, सव्वा तास. का, तर साप मारून डॉक्टरला दाखवायचा, म्हणजे बरोबर औषध मिळेल. साप मारला, आरडाओरडा केला. भाऊ उंबऱ्याला टेकून बसला होता, म्हणाला पोटात कळ येतीय आणि झोप लई आलीय, डोळे उघडंनात. आम्ही म्हटलं पड जरा. ती झोप नव्हती, पापण्या लुळ्या पडत होत्या. जीप मिळून निघेपर्यंत त्याला थुंकी गिळता येत नव्हती, आणि तालुक्याच्या अलीकडं त्याचा श्वास थांबला. मेलेली मण्यार आमच्याजवळ पिशवीत होती.

पहिली काठी मी उचलली होती.

म्हणून सांगतोय. सापाचं नाव डॉक्टरला लागतंच असं नाही. आपल्याकडं मिळणारं सर्पविषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी एकच आहे. डॉक्टर माणसाकडं बघून ठरवतो, पापण्या पडतायत का, हिरड्यातून रक्त येतंय का, सूज कुठवर चढली. काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात, गोठलं नाही तर घोणसीसारखं रक्तावर जाणारं विष आहे हे कळतं. (तुझ्याकडं पावसात फांद्यांवर हिरवा चापडा साप दिसेल, त्याच्या विषासाठी ते इंजेक्शन केलेलं नाही, पण म्हणून घरी बसायचं नाही, दवाखान्यातच जायचं.) लांबून सहज फोटो निघाला तर काढ, नाहीतर सोड. साप गेला तर जाऊ दे.

2000 ते 2019 या काळात देशात सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशानं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, वर्षाला सरासरी 58 हजार, बरीचशी खेड्यातली आणि दवाखान्यात न पोचलेली. माझा भाऊ त्या आकड्याच्या आधीचा. मी तो आकडा वाचतो तेव्हा मला प्रत्येक घरात कोणीतरी काठी घेऊन फिरताना दिसतं.

आता तुझ्या घोणसीकडं येऊ. ती तुझ्या मागं आलेली नाही, ती उंदरामागं आलीय. लाकडाचा ढीग भिंतीला चिकटून, शेजारी शेणी, त्याच्या पलीकडं कोंबड्यांचं खुराडं आणि पडवीत उघडी भाताची पोती, मी मागच्या खेपेला बघितलंय सगळं. तिला मारलीस तर उंदीर तसेच, महिन्याभरात दुसरी येईल. तेव्हा सापाच्या मागं न जाता उंदराच्या मागं लाग. भात पत्र्याच्या टाकीत घाल, खुराडं लांब ने, दगडी तालीतली घराजवळची भोकं बुजव. फिनेल, लसूण, बाजारातली ती पावडर, यांवर पैसे घालवू नकोस, साप त्यानं थांबत नाही.

काजू वेचणाऱ्या बायकांची मला जास्त काळजी वाटते. वाळल्या पाल्यात घोणस पडली की डोळ्यासमोर असून दिसत नाही, कुकरच्या शिट्टीसारखा फुस्कारा ऐकू आला तर नशीब. आधी लांब काठीनं पाला हलवायचा, मग हात घालायचा. आणि गमबूट. तू म्हणशील त्या घालत नाहीत. आधी तू घाल! मालक चप्पलवर फिरतोय आणि बायांना बूट घाला म्हणतोय, कोण ऐकणार? रात्री बॅटरीशिवाय अंगणातसुद्धा उतरायचं नाही, मोबाइलचा उजेड नको, चांगली बॅटरी. झोपायला कॉट, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून, नुसती सोडून नाही. हे मी मण्यारीसाठी सांगतोय, आणि एवढी दोन कामं आमच्या सोप्यात त्या वर्षी असती तर

असो.

साप घरात शिरला तर माणसं, पोरं बाहेर काढ, आठ-दहा फुटांवरून नजर ठेव आणि सर्पमित्राला बोलव किंवा वनखात्याच्या 1926 ला फोन कर. बागेत दिसला तर बोलवायचं पण नाही, ती जागा त्याची आहे. आणि तू स्वतः पकडणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, पण मी कायद्यासाठी सांगत नाही. ती स्टिक परत पाठव. हातात हत्यार आलं की पाय आपोआप सापाच्या मागं जातात, मला माहीत आहे.

गावात तुला कोणीतरी माझी गोष्ट सांगेलच म्हणून मीच सांगतो. दोन वर्षांमागं आमच्या बांधावर घोणस निघाली, पोरं काठ्या घेऊन धावली, मी आडवा उभा राहिलो, मारू दिली नाही. नऊ दिवसांनी शेजाऱ्याची कालवड दंशानं मेली. सगळे म्हणाले मास्तरची घोणस. अजून म्हणतात. तीच घोणस कशावरून? आमच्या ओढ्याकडंला काय एकच घोणस राहते? आणि त्या दिवशी त्या धावणाऱ्या पोरातल्या एकाला चावली असती तर मला जाब विचारायला कोण आलं असतं? कालवडीचे निम्मे पैसे मी दिले, शेजार आहे म्हणून दिले, चुकलो म्हणून नाही. त्यांच्या दारावरनं जाताना अजून जड जातं, तरी उद्या परत तसाच आडवा उभा राहीन. तुलाही लोक असंच बोलतील, बोलू देत.

आणि चावलाच कोणाला, तर एकच काम, माणूस हलवायचा, साप नाही. म्हणजे गाडीत घालायचा, चालवायचा पळवायचा नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी काढायची, हात-पाय मोडल्यावर फळी बांधतो तसा सैल आधार द्यायचा. दोरीनं आवळायचं नाही, ब्लेड लावायचं नाही, चोखायचं नाही, मंत्र-अंगारा तर विषयच नाही. 108 ला फोन, उशीर लागत असेल तर मोटरसायकल, चालवणारा पुढं, चावलेला मधे, धरणारा मागं. पण हे त्या रात्री सुचत नाही म्हणून या आठवड्यातच आजऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन ये. इंजेक्शन शिल्लक असतं का, व्हेंटिलेटर आहे का, रात्री कोण असतं, तोंडानं विचार आणि भिंतीवर लिहून ठेव. सूनबाईला सोबत ने, तिची भीती तुझ्या समजावण्यानं जाणार नाही, रस्ता बघितल्यावर कमी होईल.

रविवारी मी येतो, पहिल्या एसटीनं. तोवर लाकडाला हात लावू नकोस, जळणाला लागलं तर गॅस वापरा दोन दिवस. ऊन चांगलं वर आल्यावर दोघं मिळून वरची वरची लाकडं लांब आकड्यानं ओढू, घराच्या मागं पन्नास पावलांवर दगडं लावून त्यावर रचू. घोणस निघाली तर आपण मागं सरायचं आणि तिला वाट द्यायची. माझे बूट मी आणतो, तुझे बाजारातनं घेऊन ठेव, गुडघ्यापर्यंतचे.

तुझा काका