खारं पाणी चालतं, मग तिवरांना भीती कशाची?

प्रश्न : तिवरं खाऱ्या पाण्यातच वाढतात ना? मग समुद्र चार बोटं वर आला तर बिघडलं कुठं? (राजारामपुरी)

मिठाचं त्यांना वावडं नाही. तिवराच्या पानावरून बोट फिरवून चाटा, खारट लागतं. अडचण श्वासाची आहे. चिखलात हवा नसते, म्हणून तिवर आणि चिप्पी (हेही खाऱ्या चिखलातलंच झाड) पेन्सिलीएवढी मुळं वर काढतात आणि ओहोटीला त्यांवरच्या छिद्रांतून हवा घेतात. ही मुळं जास्त वेळ बुडून राहिली, की झाड गुदमरतं. त्यावर झाडाचा उपाय म्हणजे मुळांत गाळ अडवून पायाखालची जमीन उंचावणं. 2006 ते 2018 या काळात जगातली सरासरी समुद्रपातळी वर्षाला सुमारे 3.7 मिलिमीटरने वाढली. हा वेग 6 मिलिमीटरच्या पुढे गेला, तर कांदळवनांना, म्हणजे अशा झाडांच्या किनारी जंगलांना, तो झेपणं कठीण, असं 2020 मधला एक अभ्यास सांगतो.

प्रश्न : आम्ही नदीकाठचे. आमचा यात काय संबंध? (शिरोळ)

गाळाचा! पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पार आंध्रात, बंगालच्या उपसागरात जातं. तिथल्या त्रिभुज प्रदेशातलं कांदळवन कृष्णेच्या गाळावर उभं आहे. वाटेत अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर. पाणी कधी ना कधी सुटतं, गाळ बराचसा धरणातच बसतो. अलमट्टी म्हटलं की आपण पुरावरून भांडतो, गाळाचं नावही निघत नाही. तिकडं मात्र गाळाची आवक घटली आहे आणि किनारा जागोजागी खचतोय. समुद्र वर आला नसता, तरी ती झाडं अडचणीत होतीच.

प्रश्न : रंकाळ्याकाठी लावता येतील का? (शिवाजी पेठ)

नको. भरती-ओहोटी नाही तिथं त्यांचं काम नाही. रंकाळ्याला आधी सांडपाण्यापासून सोडवा.

प्रश्न : देवगडकडं आमची खाजण (खाडीकाठची खारी) जमीन आहे. बांध सारखा फुटतो. तिवरं काढून बांध उंच करावा का? (गारगोटी)

तिवरांना हात लावू नका. कांदळवन तोडायला बंदी घालणाऱ्या मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर तर नाहीच. शिवाय लाटांचा पहिला मार तीच खातात. समुद्र चढला की कांदळवन मागं सरकू बघतं, पण मागं बांध असेल तर जाणार कुठं? जमीन पडच असेल, तर भरतीचं पाणी आत येऊ देणं हा एक मार्ग आहे. मात्र शेजाऱ्याची भातशेती खारी होईल, म्हणून आधी खारभूमी विभाग आणि कांदळवन कक्षाला विचारा. रोपांच्या मागं लगेच लागू नका. आसपास झाडं असतील आणि पाणी नीट खेळलं, तर रुजवण (झाडांची रुजलेली बी) भरतीबरोबर आपसूक येते.