वशिला वेगळा, ओळख वेगळी

"ताई, कॉमर्सची पदवी मिळून ११ महिने झाले. आतापर्यंत २१२ अर्ज केले, वहीत नोंद आहे. उत्तरं आली तीन, मुलाखत झाली एक, आणि तीही 'स्वतःबद्दल सांगा' इथेच बिघडली. वर्गाच्या ग्रुपमधून मी बाहेर पडले, कारण रोज कुणाचं तरी जॉइनिंग बघवत नाही. कुणी विचारलं तर पुढच्या परीक्षेची तयारी करतेय असं सांगते. आमच्या एका सरांनी 'कुणाशी बोलून बघू का' असं विचारलं होतं. मी नको म्हटलं, वशिल्याची नोकरी मला नको आहे. आता एका माणसाचे फोन येताहेत. रजिस्ट्रेशनचे पैसे भरले की आठवड्यात ऑफर लेटर देतो म्हणतो. आई म्हणते, भरून टाकू. काय करू?
— दार लावून बसलेली"

अगं, पैसे भरू नकोस. बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल, पण एवढं आईला आत्ताच वाचून दाखव.

मुलाखत न घेता ऑफर लेटर देणारा माणूस नोकरी देत नसतो, तो तुमची घाई विकत घेत असतो. आज रजिस्ट्रेशन, उद्या ट्रेनिंगचं साहित्य, परवा 'परत मिळणारी' अनामत, असं ते वाढत जातं आणि एक दिवस फोन लागेनासा होतो. खाजगी रोजगार संस्थांनी काम शोधणाऱ्याकडून शुल्क घेऊ नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात लिहिलेलं आहे. त्याला काही अपवाद आहेत, सगळ्या देशांनी तो स्वीकारलेलाही नाही. तरी तुझ्यापुरता नियम साधा ठेव: पगार त्यांनी द्यायचा, आपण नाही. त्याला ओळखपत्राची प्रत किंवा बँकेचे तपशीलही पाठवू नकोस. पाठवले असतील तर आजच बँकेला कळव.

आता सरांबद्दल. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी त्याच वाक्यावर थांबले. 'वशिल्याची नोकरी नको.' या वयात असा ताठ कणा असणं मला फार आवडतं, आणि तो तसाच राहू दे. फक्त तू नको म्हणालीस ते वशिल्याला नव्हे. जिच्यापेक्षा दुसरं कुणी लायक होतं तिला परीक्षेशिवाय आत घेतलं, तर तो वशिला. 'तिकडे एक जागा निघते आहे, ही मुलगी हिशोबात चोख आहे, एकदा भेटून बघा' असं कुणी सांगितलं, तर ती ओळख. ओळखीतून फक्त बातमी पोचते. मुलाखत तुलाच द्यावी लागते आणि नापास व्हायची मुभाही तुला पूर्ण असते.

या गोष्टीचा कुणीतरी नीट अभ्यास केला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं होतं, ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटायचा? नेहमी भेटायचा असं सांगणारे शंभरात साधारण १७ निघाले. उरलेल्यांना नोकरीची खबर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून मिळाली होती. कारण समजायला सोपं आहे. तुझ्या जिवलग मैत्रिणींना जे माहीत असतं ते तुलाही माहीतच असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्यांकडून. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांतही हेच दिसलं, एका दुरुस्तीसह: अगदी नावापुरत्या ओळखीपेक्षा थोडीफार ओळख असलेली माणसं जास्त उपयोगी पडतात. म्हणजे तुझे सर. कॉलेजात तुझ्या दोन वर्षं पुढे असलेली एखादी सीनियर. आणि ज्या वर्गाच्या ग्रुपमधून तू बाहेर पडलीस, त्यातली निम्मी मुलं.

म्हणून मला ते २१२ अर्ज कमी काळजीचे वाटतात आणि 'परीक्षेची तयारी करतेय' हे खोटं जास्त. तू नोकरी शोधते आहेस हे पोर्टलला माहीत आहे, माणसांना माहीत नाही. कुणाला माहीतच नसेल तर तुझी आठवण कोण काढणार? लाज वाटते हे मला कळतं. पण काम मागण्यात कमीपणा कसला? तू पगाराच्या बदल्यात काम देणार आहेस.

तरी अर्जांविषयी बोलायलाच हवं. तू जोडलेला रेझ्युमे पाहिला. मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून अर्ज वाचले आहेत, तेव्हा स्पष्ट सांगते: 'मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर' ही ओळ काढून टाक, ती प्रत्येकाच्या कागदावर असते आणि डोळा तिच्यावर थांबत नाही. पण दुसऱ्या पानाच्या तळाशी तू बारीक अक्षरात लिहिलं आहेस, 'विद्यार्थी मंडळात खजिनदार, नेतृत्वगुण विकसित झाले.' मुली, हेच तर तुझं भांडवल! किती पावत्या होत्या? वर्षअखेरीस हिशोब जुळला का? कुठे चूक सापडली आणि ती तू कशी शोधलीस? 'वर्षभराच्या सगळ्या पावत्यांची एक्सेलमध्ये नोंद ठेवली, वर्षअखेरीस रोख शिल्लक जुळवून दिली' असं लिहून ते पहिल्या पानावर वर आण. नेतृत्वगुण हा शब्दही लागणार नाही.

आणखी एक. मोठ्या कंपन्यांत बऱ्याचदा अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि तुझ्या दोन रकान्यांच्या सुंदर डिझाइनचा तिथे चुराडा होऊ शकतो. रेझ्युमेतला मजकूर कॉपी करून कोऱ्या नोटपॅडमध्ये चिकटवून बघ. तिथे वाक्यं एकमेकांत घुसली असतील तर साधा एका रकान्याचा आराखडा घे. यापुढे आकडा वाढवायच्या मागे लागू नकोस, आठवड्याला पाच अर्ज पुरे, पण प्रत्येक जाहिरात पूर्ण वाचून, तिने मागितलेलं काम तू कुठे केलं आहेस ते वर आणून. उत्तर न येणं हा दर वेळी तुझ्यावरचा निकाल नसतो. कित्येकदा अर्ज उघडण्याआधीच जागा भरलेली असते. हे मी आतून पाहिलं आहे.

'स्वतःबद्दल सांगा' म्हणजे जन्मापासूनची कहाणी नव्हे. दीड मिनिटात तीन गोष्टी सांग: काय शिकलीस, त्यातून प्रत्यक्ष काय केलंस, आणि या कामाकडे का वळलीस. आईसमोर बसून मोठ्याने पाच वेळा म्हण. पाठ करू नकोस, नाहीतर एक शब्द विसरला की सगळंच विसरेल.

११ महिन्यांच्या रिकामपणाबद्दल विचारतीलच. खरं ते सांग: शोधत होते, आणि या काळात हे शिकले. 'हे' म्हणायला काहीतरी हवं, म्हणून अकाउंटिंगचं एखादं सॉफ्टवेअर शिकायला याच आठवड्यात बस. एखाद्या छोट्या संस्थेचा हिशोब लिहून द्यायचं ठरवलंस तर तेही उत्तम, फक्त किती दिवस ते आधी ठरव. फुकटच्या कामाला शेवटची तारीख नसेल तर ते संपत नाही.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेट. नोकरी दोन आठवडे थांबू शकते.

सरांना आता कुठल्या तोंडाने लिहू, असं तुला वाटत असणार. त्यांना तुझा नकार बहुधा आठवतही नसेल. मी मजकूर देते, तुझ्या शब्दांत बदल आणि संध्याकाळच्या आत पाठव:

"सर, मागे तुम्ही विचारलं होतं तेव्हा मी नको म्हटलं, संकोच वाटला होता. मी अजून अकाउंट्समधलं पहिलं काम शोधते आहे. माझ्यासाठी शब्द टाका असं म्हणत नाही. या क्षेत्रात काम करणारे तुमचे एखादे माजी विद्यार्थी असतील, तर त्यांच्याशी वीस मिनिटं बोलायला मिळेल का? सोबत रेझ्युमे जोडला आहे."

— तुझी ताई