ग्रहांच्या कक्षा खरंच लांबट असतात का?

प्रश्न : शाळेच्या पुस्तकात पृथ्वीची कक्षा चांगलीच चपटी काढलेली असते, पण परवा वाचलं की ती जवळपास गोलच आहे. मग खरं काय? आणि पूर्ण गोल नसेल तर का नाही?

उत्तर : घोळ चित्रामुळे झालाय. पुस्तकात कक्षा तिरक्या बाजूने बघितल्यासारखी काढतात, आणि तसं बघितलं की गोल थाळीपण चपटीच दिसते. कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे बरोबर, पण किती ते बघा. कागदावर १० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढलं आणि त्याच मापात पृथ्वीची कक्षा काढली तर आखूड बाजूला फरक पडतो फक्त ०.०१४ मिमी, म्हणजे पेन्सिलच्या रेघेतच बुडून जाईल!

खरी गोष्ट वेगळीच आहे, सूर्य मधोमध नसतो. त्याच कागदावर तो केंद्रापासून साधारण १.७ मिमी सरकलेला येईल, आणि हे मात्र डोळ्यांना दिसतं. म्हणून तर जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्यापासून १४.७१ कोटी किमीवर असतो आणि जुलैत १५.२१ कोटी, आणि जवळ असताना पृथ्वी पळतेही जोरात, सेकंदाला ३०.३ किमी, लांब गेल्यावर २९.३. बुधाचं तर विचारूच नका, ४.६ कोटीपासून ७ कोटीपर्यंत, त्याचा सूर्य आपल्या कागदावर २ सेंमी बाजूला जाईल, तरी कक्षा बघून तुम्ही गोलच म्हणाल.

म्हणूनच मला केप्लर या खगोलशास्त्रज्ञाचं फार कौतुक वाटतं. टायको ब्राहे या आकाशनिरीक्षकाने दुर्बिणीशिवाय घेतलेल्या मंगळाच्या नोंदी त्याच्याकडे होत्या, गोल कक्षा धरून केलेलं गणित फक्त ८ कलांनी (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चुकत होतं, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव. नोंदच चुकली असेल म्हणून सोडून देता आलं असतं, पण त्याने नोंदींवर विश्वास ठेवला, गोल सोडला, आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ छापलं.

आता गोल का नाही? गोल फिरायचं तर वेग अगदी नेमका हवा आणि दिशा सूर्याच्या रेषेला बरोब्बर काटकोनात, यात जराही इकडेतिकडे झालं की लंबवर्तुळच होतं. शिवाय बाकीचे ग्रह, विशेषतः गुरू आणि शुक्र, पृथ्वीला ओढत असतात त्यामुळे तिच्या कक्षेचा आकारही हजारो वर्षांत बदलत राहतो, सध्या ती हळूहळू आणखी गोल होत चाललीये.