मुलं आणि आजीसह लोहगड: अर्ध्या दिवसाचा बेत

तुमचा प्रश्न असा आहे: घर पुण्यात, मुलं सहा आणि नऊ वर्षांची, सोबत पासष्टीची आई. गड चढल्याचं समाधान मिळावं आणि दुपारच्या जेवणाला खाली यावं. माझं उत्तर लोहगड. सिंहगडावर गाडी थेट वर जाते, त्यामुळे चढण्याची गंमतच राहत नाही. पायवाटेनं जावं तर सहा वर्षांच्या मुलाला ती लांब पडते. लोहगडाला पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते आणि तिथून माथ्यापर्यंत दगडी पायऱ्या आहेत. मुलांच्या पायांनी, थांबत थांबत, पाऊण तास ते एक तास धरा.

लोकलनं जाणार असाल तर पुणे–लोणावळा लोकलनं मळवलीला उतरा. तिथून भाजे गावावरून लोहगडवाडी सात-आठ किलोमीटर आहे आणि शेवटचा भाग चांगलाच चढाचा. हे अंतर मुलांना चालायला लावू नका. इथेच पाय संपले तर गड बघायला काही उरत नाही. मळवलीहून रिक्षा किंवा जीप ठरवा आणि परतीचं भाडं तिथेच बोलून घ्या. दुपारी लोकल विरळ असतात, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवा. स्वतःची गाडी असेल तर भाज्यापुढचा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चढवा, वळणं आखूड आहेत. मुलांना गाडी लागत असेल तर निघताना पोटभर नाश्ता देऊ नका. एखादं केळं पुरे. पोहे-उपमा डब्यात घ्या, पायथ्याशी खा.

गड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. तिकीट माणशी २५ रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. सकाळी तिकीटखिडकी उघडते तेव्हाच तिथे असा. अकरानंतर पायऱ्यांचा दगड तापतो आणि गर्दीही वाढते. शौचालयाचं काम वाडीतच उरकून घ्या.

आता चढाबद्दल. मुलं पहिल्या शंभर पायऱ्या पळत चढतात आणि मग एकदम बसकण मारतात. त्यांना पळू न देण्याचा सोपा उपाय म्हणजे पुढे आजीला ठेवा आणि तिच्या चालीनं सगळ्यांनी चाला. पायऱ्यांची उंची सारखी नाही. काही सहा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याला लागतात. मूल भिंतीच्या बाजूला आणि मोठं माणूस दरीच्या बाजूला, हा नियम चढताना-उतरताना मोडू नका. आईंचे गुडघे कुरकुरत असतील तर एक काठी द्या. त्या पहिल्या-दुसऱ्या दरवाजापर्यंत येऊन सावलीत थांबल्या तरी त्यांचा गड बराचसा बघून झाला असं मी म्हणेन, कारण लोहगडाचं खरं वैभव त्या दरवाजांतच आहे.

दरवाजे चार: गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा. बहुतेक लोक त्यांतून धावत माथा गाठतात, तुम्ही इथेच वेळ काढा. गणेश दरवाजा ओलांडला की मुलांना थांबवून वर बघायला सांगा. वाट नागमोडी वळत जाते आणि प्रत्येक वळणावर डोक्यावर तट नाहीतर बुरूज येतो. एक दरवाजा फोडून शत्रू आत आला तरी तो दोन भिंतींमधल्या अरुंद बोळात सापडतो. वरून दगड, गोळ्या, उकळतं तेल काहीही टाकता येतं. सरळ वाट नसल्यामुळे हत्तीला किंवा ओंडक्याला धाव घेता येत नाही. हे नऊ वर्षांच्या मुलाला तिथे उभं राहून दोन मिनिटांत कळतं. दरवाजाच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींत अडसर सरकवायची भोकं आणि पहारेकऱ्यांच्या देवड्या शोधायचं काम त्यांना द्या. भोकात हात घालण्याआधी मोबाइलच्या उजेडात आत बघून घ्या, विंचू-पाल असू शकते. नारायण दरवाजा नाना फडणवीसांनी बांधलेला. तिथे एक भुयार आहे, त्यात भात आणि नाचणी साठवत. हनुमान दरवाजा सगळ्यांत जुना. महादरवाजावर हनुमानाची मूर्ती कोरलेली आहे, ती लहानग्याला शोधू द्या. महादरवाजाशी पोचलात की मागे वळून खाली बघा: चढून आलेली सगळी वळणं आणि बुरूज एका नजरेत दिसतात. फोटो काढायचा असेल तर तो इथला.

इतिहास सांगताना एवढं पुरे: शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये गड घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये परत जिंकला. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरचा विसापूर किल्ला घेतला आणि पाठोपाठ लोहगडही गेला. विसापूर खरोखरच समोर आहे आणि लोहगडाहून उंच आहे, त्यामुळे असं का झालं ते मुलांना बोट दाखवून सांगता येतं. २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना युनेस्कोनं जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यांत लोहगड आहे.

माथ्यावर दर्गा, त्याच्या शेजारी सदरेचे आणि लोहारखान्याचे पडके अवशेष, आणि तिथेच चुना मळायचा घाणा आहे. गोल चरात फिरणारं दगडी चाक कसं ओढत असतील हे मुलांना विचारा, उत्तरं ऐकण्यासारखी येतात. लक्ष्मीकोठी ही अनेक दालनांची गुहा. आत अंधार, टॉर्च हवा. पुढे शिवमंदिर, अष्टकोनी तळं आणि नाना फडणवीसांचं सोळा कोनांचं मोठं तळं. कोन मोजायला लावा, पण काठापासून दोन हात लांब उभं राहून. काठाचा दगड शेवाळलेला असतो आणि पाण्याच्या खोलीचा अंदाज येत नाही.

विंचूकाटा म्हणजे गडापासून पुढे गेलेली सोंड, सुमारे १५०० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. तिकडे उतरताना छोटासा कातळटप्पा आहे. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे उतरू नका; कोरड्या हवेत नऊ वर्षांच्या मुलासोबत एक मोठं माणूस असेल तर हरकत नाही. माथ्याच्या टोकावरूनही तो पूर्ण दिसतो, विंचवाच्या नांगीसारखा. त्याच बाजूला पवना धरणाचं पाणी आणि पलीकडे तुंग-तिकोना हे किल्ले. कडेला कठडा नाही आणि वारा जोराचा असतो, म्हणून मुलांचे हात सोडू नका.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात गड देखणा दिसतो हे खरं, पण शनिवार-रविवारी दरवाजांत इतकी गर्दी तुंबते की माणूस पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. अशा बोळात लहान मूल घेऊन अडकणं धोक्याचं आहे. पावसात जायचंच असेल तर मधला वार निवडा आणि त्या दिवशी प्रशासनानं बंदी घातलेली नाही ना ते बघा. छत्री वाऱ्यानं उलटते, रेनकोटच घ्या. बूट रबरी, खाचदार तळाचे. झिजलेल्या तळाचा बूट ओल्या कातळावर साबणासारखा घसरतो.

पाणी माणशी एक लिटर, आणि सोबत थोडी लिंबू-मीठ-साखर. खाऊ पाठीवरच्या पिशवीत बंद ठेवा. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की माकडं थेट मुलांच्या अंगावर येतात. कपारीत आग्यामोहळ दिसलं तर आवाज न करता पुढे सरका, आणि त्या दिवशी अत्तर-सेंट लावून जाऊ नका.

भाजे लेणी वाटेतच आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली आणि अतिशय सुंदर. पण तिथेही पायऱ्या आहेत. लेणी वेगळ्या दिवशी ठेवा. विसापूर तर मुलांसोबत नकोच, वाट ओढ्यातून जाते आणि लोक चुकतात.

चढताना वाडीतल्या एखाद्या घरी पिठलं-भाकरी सांगून ठेवा, साडेबाराची वेळ द्या. उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा, कारण पाय घसरतात ते उतरताना. लहानग्याला उंच पायरीवरून उडी मारू देऊ नका, तोंड पायरीकडे करून मागे पाय टाकायला शिकवा.