‘त्या पोरांचा खोकला ह्यांना लागला का?’

“मॅडम, ह्येंच्यासंगं बिहारची पोरं हाईत कामाला. सारखी खोकत असत्यात. त्यांचंच ह्यास्नी लागलं असणार. घरात दोन लेकरं हाईत, काय करू?”

नवरा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, एका फौंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात. वय ४४. दोन वर्षांपूर्वी टीबीचं सहा महिन्यांचं औषध पूर्ण केलेलं, तरी खोकला आणि दम तसाच. वहिनी बोलत होत्या, तो शेजारी गप्प. माझ्याकडे हा प्रश्न नवा नाही. माणसं बदलतात, वाक्य तेच असतं.

मी खोकल्याआधी काम विचारते. ‘फौंड्रीत’ एवढ्यावर भागत नाही. भट्टीवर, मोल्डिंगला, कोअर शॉपला की फेटलिंगला?

“फेटलिंग. ग्राइंडर मारतोय. अठरा वर्षं.”

म्हणजे साच्यातून निघालेल्या ओतीव भागाला, कास्टिंगला, चिकटलेली वाळू घासून काढायची. तोंडाला काय बांधता म्हटल्यावर त्यांनी गळ्यातला टॉवेल दाखवला. वहिनी म्हणाल्या, “ह्येंचा शर्ट भिजत घातला की बादलीच्या तळाला वाळू बसती बघा.”

तळाला बसते ती जाड वाळू. घात करते ती न दिसणारी. वाळूतल्या सिलिकाची बारीक धूळ टॉवेलमधून आरपार जाते, फुप्फुसात खोल रुतते आणि तिथला भाग हळूहळू निबर करते. हा सिलिकोसिस. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. टीबी होतो. गोची अशी, की सिलिकोसिसच्या फुप्फुसात टीबी सहज घर करतो आणि एक्स-रेवर दोन्ही एकसारखे दिसू शकतात. त्यामुळे वहिनींना त्या दिवशी अर्धंच उत्तर देता आलं: थुंकी पुन्हा तपासू, तोवर मुलांना वेगळं झोपवा, खिडक्या उघड्या ठेवा.

थुंकीत टीबी नव्हता. छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे आणि ती अठरा वर्षं शेजारी ठेवली आणि सिलिकोसिस लिहिलं.

तेव्हा तो पहिल्यांदा आपणहून बोलला. “कंपनीत कळलं तर काढतील.”

खरी भीती ही होती. काढणार नाहीत, असं मी म्हटलं नाही. ते माझ्या हातात नाही. पण पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जात होता. कामामुळे झालेला असा आजार तिथे कामावरच्या दुखापतीसारखाच धरतात. अपंगत्व किती, ते वैद्यकीय मंडळ ठरवतं. त्यासाठी केसपेपरवर ‘फेटलिंग, १८ वर्षं’ ही ओळ लागते. टीबीच्या जुन्या कागदांवर ‘मजूर’ एवढंच होतं. मला चीड येते ती या एका शब्दाची.

गेलेलं फुप्फुस परत आणणारं औषध नाही, हेही सांगितलं. धुळीतून बाहेर पडायचं, बिडी सोडायची. त्याला डिस्पॅचला, म्हणजे तयार माल पाठवायच्या खात्यात, काम मिळालं. ओव्हरटाइम गेला, त्यावरून घरात आता भांडणं होतात.

वहिनींचा संशय अगदीच खुळा नव्हता. एका खोलीत सहा-सात जण आणि एकच खिडकी असली की टीबी पसरतोच. पण धुळीचं म्हणाल, तर ती पोरं नवऱ्यापेक्षा जास्त खातात. फेटलिंगला गावातली पोरं टिकत नाहीत, मग ठेकेदार बाहेरची आणतो. ठेकेदार बदलला की मागच्या कामाचा कागदही जातो. दम लागायला लागला की पोरगा गावी परततो, आणि तिकडच्या डॉक्टरला फौंड्री ठाऊकच नसते.

पुढच्या खेपेला नवरा एकटा आला नाही. सोबत त्याच्याच ग्राइंडरवर आता काम करणारा सव्वीस वर्षांचा पोरगा होता. “ह्याचं पण बघा.” चार वर्षांत तीन ठेकेदार. ईएसआय नंबर? माहीत नाही. पगाराची पावती? मोबाईलवर पैसे येतात. एक्स-रे साफ निघाला. मी म्हटलं, आत्ताच दुसरं काम माग, तोवर टॉवेल नको, निदान एन-९५ मास्क घट्ट बसवून लाव.

“पीस पे पैसा है मैडम,” तो म्हणाला. “छठ के बाद देखते हैं.”